मेंढपाळाचा रिकामा खांदा

१

फिलेरोस मेंढ्या करायचा. दगडाच्या. अकरा वर्षं झाली, दुसरं काही म्हणून नाही. हिलारुसच्या कारखान्यात कामाची वाटणीच तशी होती. केसांच्या बटा एकाकडे, कपड्याच्या चुण्या दुसऱ्याकडे, पेटीच्या अंगावरच्या नागमोडी रेघा तिसऱ्याकडे आणि मेंढ्या फिलेरोसकडे. चेहरे मात्र मालक स्वतः करायचा. चेहऱ्यात चूक झाली तर नातेवाईक भांडायला येतात, मेंढीच्या वतीनं कोण येणार, असं तो म्हणायचा.

तिबेर नदीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर हा कारखाना. बोटीतून संगमरवर उतरायचा, बैल तो ओढत आणायचे आणि इथे त्याच्या मेलेल्यांना ठेवायच्या पेट्या व्हायच्या. त्यातली सगळ्यात खपणारी पेटी मेंढपाळाची. बिनदाढीचा तरणा गडी, गुडघ्यापर्यंत अंगरखा, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, मानेवर आडवी मेंढी आणि तिचे चारही पाय छातीशी एका मुठीत धरलेले. पायाशी आणखी दोन मेंढ्या, वर बघणाऱ्या. जुन्या देवांची माणसं ती पेटी घ्यायची आणि म्हणायची, आमच्या म्हाताऱ्याला तिकडे असंच निवांत रान मिळो. नव्या देवाची माणसंही तीच पेटी घ्यायची. ती काही बोलायची नाहीत, नुसता त्या गड्याच्या पायाला हात लावून उभी राहायची.

"ज्याला जो देव हवा तो त्यानं आत ठेवावा," हिलारुस म्हणायचा, "आपण मेंढ्या विकतो."

त्याचा एकच नियम होता. मेंढीला ओळख नको. तुटकं शिंग नको, गळ्यात घंटा नको, अंगावर चट्टा नको. पेट्या आधी करून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक नंतर यायचं. त्याला वाटलं पाहिजे, ही माझीच.

लोकर करायला दोन माणसं लागायची. फिलेरोस गिरमिटाचं टोक दगडावर टेकवून धरायचा आणि त्याचा जोडीदार स्ताखिस चामडी पट्टा मागेपुढे ओढून ते फिरवायचा. स्ताखिसच्या तोंडाचा पट्टाही तसाच चालू असायचा. "लोकर म्हणजे काय रे गड्या? भोकं! आपण दोघांनी जन्मभर भोकं पाडली आणि लोक म्हणतात, वा, काय मऊ लोकर!"

पूर्वी फिलेरोस हसायचा. गेल्या शरदात त्याची मेलिता तापानं गेली. सात वर्षांची. तेव्हापासून स्ताखिस एकटाच हसायचा, आणि मग तोही मध्येच गप्प व्हायचा.

२

विबियाबाई आल्या तेव्हा दुपार व्हायला आली होती. पन्नाशीच्या, पांढरं वस्त्र, डोळे रडून सुकलेले. नवरा वसंतात गेलेला. शहराबाहेरच्या भुयारात भिंतीतल्या कप्प्यात तात्पुरता ठेवलेला, आता त्याला दगडी पेटीत हलवायचं होतं. मालकानं त्यांना मेंढपाळाची एक पेटी दाखवली. जवळजवळ पुरी झालेली, फक्त खांद्यावरच्या मेंढीचं डोकं आणि लोकर बाकी.

बाई पेटीसमोर खाली बसल्या.

"हे तुम्ही करता का, भाऊ?"

फिलेरोसनं मान हलवली. मागून स्ताखिस कुजबुजला, "नव्या देवाची ही मंडळी सगळ्यांनाच भाऊ म्हणतात. हुरळू नकोस."

"छान करता. यांना फार आवडायचा हा." त्यांनी मेंढपाळाच्या गुडघ्यावर तळवा ठेवला. "हरवलेलं जे असतं ना, त्याला तो शोधत जातो. सापडलं की खांद्यावर घेतो आणि घरी आणतो."

फिलेरोसच्या हातातली छिन्नी थांबली. अकरा वर्षं तो या गड्याच्या मानेवर मेंढी चढवत होता. हा कुठून निघाला नि कुठं चालला, हे त्याला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"कितीही लांब गेलेलं असलं तरी?"

"कितीही."

"मातीखाली गेलेलं?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मातीचं काय मोठंसं त्याला, भाऊ."

त्या गेल्या. फिलेरोसच्या मनात तेच शब्द घोळत राहिले. हरवलेलं. घरी आणतो. खांद्यावर घेऊन.

३

दुपारी सगळा कारखाना झोपायचा. मालक आतल्या खोलीत, स्ताखिस पेट्यांच्या सावलीत तोंडावर फडकं टाकून, बैल जागच्या जागी उभे. अशा वेळी दगडाच्या भुकटीवर ऊन पडून डोळे दिपतात आणि आवाज म्हणाल तर माश्यांचा. मेलिता गेल्यापासून फिलेरोसला दुपारची झोप लागत नसे.

त्या दुपारी त्यानं खांद्यावरच्या मेंढीचं डोकं करायला घेतलं आणि मेंढीचं कोकरू केलं. मग डावा कान केला. कानाचं टोक आतल्या बाजूला मुडपलेलं.

मेलिताचा कान असाच होता, जन्मापासून. तिची आई अंप्लिया रोज सकाळी केस विंचरताना तो दोन बोटांत धरून सरळ करायची आणि तो पुन्हा मुडपायचा. "हट्टी कान आहे," अंप्लिया म्हणायची, "बापावर गेलाय."

कान पुरा झाल्यावर त्यानं छिन्नी खाली ठेवली. त्याला प्रार्थना वगैरे येत नव्हती. त्यानं मेंढपाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि गिऱ्हाईक सांगतं तसं सांगितलं, "हरवलंय ते घरी आण. ओस्तियाच्या रस्त्याला, विटांच्या भट्टीच्या मागे, कौलांखाली पुरलेलं आहे." मग आपल्या घराचा पत्ताही सांगितला. गल्ली, इमारत, तिसरा मजला. आपण खुळे झालो की काय असं वाटून तो उठला आणि सिरका घातलेलं पाणी घटाघटा प्यायला.

मालकाच्या लक्षात आलं नाही. स्ताखिसच्या मात्र आलं. त्यानं कान पाहिला, फिलेरोसकडे पाहिलं आणि त्या दिवशी पट्टा ओढताना एक अक्षर बोलला नाही.

४

दुसऱ्या दिवशी मेंढपाळाच्या पायांना माती लागलेली होती.

तांबडी माती. बोटांच्या फटींतून, टाचेच्या मागे, पोटरीच्या पट्ट्यांवर शिंतोडे. कारखान्यात पांढऱ्या भुकटीशिवाय काही नसतं. तांबडी माती शहराबाहेर असते, जिथे माणसं पुरतात तिथे.

"स्ताखिस, ही कसली थट्टा?"

"कसली?"

"पाय बघ याचे."

स्ताखिसनं पाहिलं, नखानं खरवडलं. "आयला. बैलवाल्यांपैकी कुणी हात पुसले असतील. त्यांना काय, दगड दिसला की पुसले हात."

पटण्यासारखं होतं. फिलेरोसनं ओल्या फडक्यानं पाय पुसले. पुसताना त्याला एक गोष्ट दिसली, ती त्यानं स्ताखिसला सांगितली नाही. माती तळव्यांच्या खालपर्यंत गेलेली होती. तळवे दगडाच्या पट्टीवर टेकलेले, किंबहुना त्या पट्टीतूनच कोरलेले, एकच दगड तो. तिथे खाली जायला फट नव्हती. तरी तांबडी रेघ तिथे आत शिरलेली होती, पाऊल उचलून पुन्हा ठेवल्यासारखी.

गिरमिटाच्या कंपनानं बारीक चीर गेली असेल. जाते कधी कधी. असं तो स्वतःला म्हणाला आणि दिवसभर तेच म्हणत राहिला.

त्यानंतरच्या दुपारी त्याला बें ऐकू आलं. एकदाच, अगदी बारीक. नदीवर जनावरांच्या बोटी लागतात, तिथलंच असणार. पण तो आवाज दमलेला होता, बराच वेळ रडून उचक्या लागलेल्या पोरासारखा, आणि फिलेरोसला वेड्यासारखा आनंद झाला.

५

घरीही काहीतरी बदललं होतं.

अंप्लियानं मेलितामागे हाय खाल्ली होती. आठ महिने ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. फिलेरोस पाव भिजवून भरवायचा, चार घास घ्यायची आणि पुन्हा भिंत. तो बोलला तर ऐकायची, पण दुसऱ्या खोलीतून कुणी बोलतंय असं. त्या घरात खोली एकच होती.

त्या संध्याकाळी तो दारात आला तर चणे शिजल्याचा वास. अंप्लिया उभी होती. केस विंचरलेले, तेल लावलेलं.

"उशीर केलास," ती म्हणाली. "हात धू."

तो नुसता बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"असा काय बघतोस? खाली गल्लीत मेंढरू ओरडतंय दुपारपासून, तू ऐकलंस का? आधी लांब होतं. आता कोपऱ्यावर आलंय."

"ऐकलं," तो म्हणाला. "अंप्लिया, ते कोण आहे ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक नसायला काय झालं?" ती हसली. आठ महिन्यांनी हसली. तिनं तीन वाडगे काढले. फिलेरोसनं तिला अडवलं नाही. त्या रात्री दोघं नीट जेवली आणि तो शांत झोपला. झोपण्यापूर्वी एकदाच त्याच्या मनात आलं, की अंप्लियाचे हात किती हलके झालेत, आत काही उरलंच नसल्यासारखे. पण ते आजारपणामुळे. आता ती खायला लागली आहे, भरतील.

सकाळी तो निघाला तेव्हा ती दार उघडं ठेव म्हणाली.

६

त्या दुपारी तो पेटीपाशी गेला आणि मेंढपाळाचा खांदा रिकामा होता.

तो आधी पेट्या मोजायला लागला. वेगळ्याच पेटीसमोर उभे आहोत असं त्याला वाटलं. पण पेटी तीच. मानेमागे नुसता गुळगुळीत दगड, तिथे कधी काही नव्हतंच असा. एकदा काढलेला दगड परत भरता येत नाही, हे अकरा वर्षं छिन्नी चालवणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्यानं हात फिरवला. थंड, सपाट, घासून पुरा केलेला. मेंढपाळाची मूठ छातीशी तशीच होती, पण उघडी.

आणि खाली पायाशी दोन मेंढ्यांच्या मध्ये एक कोकरू उभं होतं. डावा कान मुडपलेला.

खाली ठेवलं! आणलं आणि ठेवलं! एवढंच त्याच्या डोक्यात आलं. स्ताखिसला उठवायचंही भान राहिलं नाही. तो उन्हात धावत सुटला. धक्क्यावरून, गोदामांच्या मधून, गल्लीतून. दुकानांवर फळ्या लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपण दारात उभं राहायचं, की आधी हाक मारायची? घाबरणार तर नाही ना पोर?

इमारतीचा जिना अरुंद, भर दुपारीही अंधारा. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो चढला आणि वरून पावलं ऐकू आली. सावकाश, जड. ओझं घेऊन उतरणाऱ्याची. चवथ्या मजल्यावर एक खाटीक राहायचा आणि त्याचा गडी कधीमधी मेंढरू खांद्यावर टाकून जा-ये करायचा. फिलेरोस सवयीनं भिंतीला चिकटून उभा राहिला. ओझेवाल्याला वाट द्यायची असते.

"ये, ये," तो म्हणाला. "सावकाश. खालची पायरी फुटलीय."

गडी उतरला. ओल्या लोकरीचा वास आला, आणि खणलेल्या मातीचा. उघडा गुडघा दिसला. छातीशी आवळलेली मूठ दिसली. मुठीत काय होतं ते अंधारात नीट दिसलं नाही, दिसलं तेवढं मेंढराच्या पायांहून लांब होतं. त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकत गेलं, मऊ, लोंबतं. केस. त्यांना तेलाचा वास होता.

गडी थांबला नाही. जाताना त्यानं मान किंचित लववली, वाट दिल्याबद्दल लववतात तशी.

फिलेरोस तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. दार उघडं होतं.

अंप्लिया पलंगावर आडवी होती. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. एक हात पुढे केलेला, कुणाला तरी घ्या म्हणावं असा. तिचा इतका निवांत चेहरा त्यानं मेलिता असतानासुद्धा पाहिला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि तिला हलवू लागला, नावानं हाका मारू लागला, मग आई मुलाला रागावते तसा रागावू लागला. शेजारीण धावत आली. ती नंतर सगळ्यांना सांगायची, की फिलेरोस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. मी बाजूला झालो, मी बाजूला झालो.

७

नऊ दिवस सुतकाचे. लोक म्हणाले, आठ महिने अन्न नाही, पाणी नाही, जायचीच होती बिचारी. खाटकाचा गडी म्हणाला, त्या दुपारी मी जिन्यात नव्हतोच, झोपलो होतो. पण तो दारुडा, त्याच्या सांगण्यात काय अर्थ? असंही लोक म्हणाले. फिलेरोस सगळ्यांचं ऐकायचा आणि मान हलवायचा. ते जे म्हणत होते तसंच झालं असावं, असं त्याला मनापासून वाटायचं होतं.

दहाव्या दिवशी तो कारखान्यात गेला. स्ताखिसनं त्याला मिठी मारली, नाक पुसलं आणि म्हणाला, "गड्या, तू केलेली ती मेंढी... मालक म्हणतो, असं काम या धक्क्यावर कुणी केलेलं नाही. कधी पुरी केलीस?"

मेंढपाळाच्या खांद्यावर मेंढी होती. थोराड, हडकुळी, पोटाच्या बाजूची लोकर झडलेली. तिचे चारही पाय त्याच्या मुठीत घट्ट होते. तिनं मान खाली घातली होती, आणि पायाशी असलेलं ते कोकरू मान उंच करून तिच्या तोंडाला तोंड लावत होतं. मेंढीचा ओठ कोकराच्या मुडपलेल्या कानावर होता.

फिलेरोसनं हात फिरवून पाहिला. छिन्नीचा एकही ओरखडा त्या मेंढीवर नव्हता.

विबियाबाई पेटी पाहायला आल्या आणि तिथेच रडायला लागल्या. "किती सुंदर केलंत, भाऊ. सापडलं बघा त्याला."

"बाई," फिलेरोस म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, घरी आणतो. घरी म्हणजे कुठे?"

बाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "घरी म्हणजे त्याच्या घरी. कळपात. आपली गेलेली माणसं तिथंच तर आहेत सगळी, सुखात."

"मग हरवलेलं कोण?"

"आपण, भाऊ. जे इथं मागं राहिलो, वणवण करतोय, ते." त्यांनी त्याचा भुकटीनं पांढरा झालेला हात आपल्या हातात घेतला. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

लेकरू हरवलं आहे असं त्याला वाटलं होतं. लेकरू कुठे हरवलं होतं? ते तर केव्हाच पोचलं होतं. आठ महिने भिंतीकडे तोंड करून हरवली होती ती दुसरीच, आणि तिचा पत्ता त्यानं आपल्या तोंडानं दिला होता.

८

पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती. त्या दुपारी सगळे झोपल्यावर फिलेरोसनं छिन्नी उचलली. एक मेंढा करायचा. लहान का होईना, कोपऱ्यात. त्याच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर होता तसा व्रण पुढच्या उजव्या खुरावर असलेला, म्हणजे ओळख पटेल. तो डावीकडून उजवीकडे हात फिरवत गेला, पुन्हा उजवीकडून डावीकडे. जिथे टोक टेकवावं तिथे दगड संपलेला. मेंढपाळ, मेंढी, कोकरू, झाडं, नागमोडी रेघा. मेंढा निघेल एवढी जाडी कुठेच उरली नव्हती. बोटभर जागासुद्धा नाही.

तो पेटीला टेकून बसला. "मी पण आहे," तो म्हणाला. "मी पण हरवलोय. तिसरा मजला. दार उघडंच असतं." मेंढपाळ समोर बघत होता, त्याच्या डोक्यावरून पलीकडे. ज्याची मेंढरं मोजून पुरी भरली आहेत अशा माणसाचा चेहरा होता तो. मालकानं तो तसा केला नव्हता.

सकाळी गाडी निघाली तेव्हा फिलेरोस मागून चालत गेला. मालकानं हाक मारली, स्ताखिसनं मालकाचा हात धरला. वेशीबाहेर, रस्त्यानं, तांबड्या मातीच्या खाणींपर्यंत. भुयारात दिव्याच्या उजेडात खणणाऱ्यांनी दोर लावून पेटी कोनाड्यात सरकवली. बाईंनी नवऱ्याला आत ठेवलं, त्यांच्या माणसांनी हळू आवाजात काहीतरी म्हटलं आणि मग सगळी वर निघून गेली. पुढून भिंत घालायला दोन खणणारे मागे राहिले, आणि फिलेरोस.

विटा चढू लागल्या. आधी मेंढ्यांचे पाय गेले, मग कोकरू. कोकराचा कान झाकणारी वीट बसली तसं फिलेरोसला स्पष्ट ऐकू आलं. आत कुणीतरी हसलं. एक बारीक हसू आणि त्यामागून एक बाईमाणसाचं, लाडिक रागावल्यासारखं, तेल लावताना पोर हलतं तेव्हाचं. दोघींना त्याची आठवण नव्हती. तसं वाईट काही त्या हसण्यात नव्हतं. नुसतं, त्यांचं सगळं पुरं होतं.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा जरा."

खणणाऱ्यानं थापी थांबवली. दिवा वर धरून त्यानं कोनाड्यात वाकून पाहिलं, मग या पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या माणसाकडे पाहिलं.

"का हो? काही आत राहिलंय का?"

फिलेरोसनं नव्या भिंतीवर तळवा टेकवला.

"नाही," तो म्हणाला. "बाहेर राहिलंय."

खणणाऱ्याला काही समजलं नाही. त्यानं शेवटच्या विटेला चुना लावला आणि ती बसवली.